प्लगइन की हातानं? आधी फोटो सॉफ्ट का आला ते पाहू

वाचकाचा प्रश्न: पुण्यात नोकरी करणारे हे वाचक सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढतात. निकॉन डी७५०० कॅमेरा, २००-५०० मिमीची लेन्स आणि दर हिवाळ्यात उजनी धरणाच्या काठच्या भिगवणच्या दोन-तीन फेऱ्या. त्यांच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपचं प्रदर्शन भरणार आहे आणि प्रत्येकानं १२ बाय १८ इंचांचे चार प्रिंट द्यायचे आहेत. ग्रुपमधल्या एका मित्रानं एआयवर चालणारं शार्पनिंगचं (फोटोच्या कडा धारदार करण्याचं) प्लगइन, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं साधन, घेतलंय. त्याचे फोटो एका क्लिकमध्ये इतके खणखणीत दिसतात की बाकीच्यांचे फिके वाटतात. ज्या सरांकडे हे वाचक एडिटिंग शिकले, त्यांचं मत उलट आहे: प्लगइन ही पळवाट, खरा फोटोग्राफर हातानं शार्प करतो. वाचक लिहितात की हातानं केलेला फोटो त्यांना अपुरा वाटतो, आणि मित्राच्या प्लगइनमधून काढून पाहिलेला तोच फोटो परका वाटतो. प्लगइनची किंमतही त्यांच्या खिशाला जड आहे. “कुठला रस्ता धरू? आणि प्लगइन वापरलंच, तर प्रदर्शनात तसं सांगावं लागेल का?” असं ते विचारतात. सोबत चार फोटो, मूळ रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) फायलींसह पाठवलेत.

उत्तर:

पत्र वाचलं आणि लगेच तुमच्या रॉ फायली उघडल्या. त्या पाठवल्यात हे फार बरं केलंत, कारण नुसत्या जेपेगवरून जे कळलं नसतं ते त्यांच्यातून कळलं. चारही फोटो थोडेफार सॉफ्ट, म्हणजे धार नसलेले, आहेत, पण चौघांची कारणं वेगवेगळी आहेत. पत्रात मात्र तुम्ही चौघांना एका रांगेत उभं करून ‘यांना कशानं शार्प करू’ एवढंच विचारलंय. माझ्या मते तुमची अडचण इथे सुरू होते. ‘प्लगइन की हातानं’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की या फोटोतली धार नेमकी कशामुळे गेली?

तुमच्या फायलीच एकेक करून घेऊ. इतर वाचकांनीही आपापले फोटो असेच तपासायला हरकत नाही.

रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) उडता थवा. वेळ सकाळी पावणेबारा, शटर १/२००० सेकंद, अॅपर्चर एफ/८. शटर पुरेसा, फोकस जागेवर, तरीही पंखांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि मागची झाडं लहरी मारतात. हा उन्हानं तापलेल्या हवेचा परिणाम आहे. उजनीच्या फुगवट्यावर डिसेंबर-जानेवारीतही दहानंतर पाण्याच्या आणि चिखलाच्या वरची हवा थरथरायला लागते, आणि ५०० मिमीची लेन्स पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करून दाखवते. ही विकृती फोटोच्या प्रत्येक भागात वेगळी असते. एका पक्ष्याची मान एका बाजूला ओढली गेलेली, शेजारच्याची दुसऱ्या बाजूला. त्यामुळे हातानं काहीही केलं तरी ती जात नाही. प्लगइन तिथे काय करतं हे तुम्ही मित्राच्या संगणकावर पाहिलंच आहे: थरथरलेल्या कडेलाच खरी कड समजून ते तिला ठळक करतं, आणि पंखांवर अळीसारख्या बारीक रेघा उमटतात. तुम्हाला तो फोटो ‘परका’ वाटला, त्याचं कारण या रेघा. तुमची नजर बरोबर होती. या फोटोला दोन्ही रस्ते बंद आहेत. तो प्रदर्शनातून काढा आणि पुढच्या हिवाळ्यात उजाडता उजाडता बोटीत बसा. फक्त एक विनंती, जवळून फोटो मिळावा म्हणून बोटवाल्याला थव्याच्या अंगावर बोट घालायला सांगू नका. रोहित उठले की त्यांचं चरणं मोडतं, आणि तुमच्यामागून येणाऱ्या चार बोटीही तेच करायला शिकतात.

दुसरा, सूर मारणारा नदी सुरय. शटर १/६४०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. चोचीची आणि डोळ्याची कड एकाच दिशेनं ओढली गेलीय. सुरय वेगानं वळत असताना १/६४० पुरत नाही, त्यात बोटीचं इंजिन चालू असावं. एका दिशेनं तीन-चार पिक्सेल सरकलेली ही धूसरता मात्र काही प्रमाणात मागे फिरवता येते. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये ‘मोशन ब्लर’ निवडून कोन आणि रेडियस (कडेच्या किती पिक्सेलवर काम होणार ते) देऊन पाहा, थोडा फरक पडेल. पण खरं सांगायचं तर या कामात आजची एआय प्लगइन्स हातापेक्षा पुढे आहेत. हलण्याची दिशा ती स्वतः ओळखतात आणि पार्श्वभूमीला हात न लावता पक्ष्यावर काम करतात. तुमच्या मित्राचं प्लगइन या एका फोटोवर उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. त्याच वेळी हेही लक्षात घ्या, की आयएसओ ४०० ऐवजी १६०० ठेवला असता तर तेवढ्याच उजेडात १/२५०० मिळाला असता. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो, हललेला डोळा क्वचितच परत येतो.

तिसरा छोटा टिलवा. हा फोटो मला सगळ्यांत आवडला, चिखलातल्या प्रतिबिंबासकट. दुर्दैवानं फोकस पायापुढच्या चिखलावर बसलाय. ५०० मिमी, एफ/५.६ आणि सुमारे १२ मीटर अंतर धरलं तर तुमच्या कॅमेऱ्यावर शार्प दिसणारा पट्टा ढोबळमानानं १३ सेंटिमीटरचा असतो. फोटो कापून मोठा केला की तो आणखी अरुंद होतो. जेमतेम तेवढाच लांब असलेला पक्षी आणि पुढे सरकलेला फोकस, म्हणजे डोळा पट्ट्याच्या काठावर गेलाच. इथे चूक इंच-दोन इंचांची आहे, त्यामुळे स्मार्ट शार्पनचा ‘लेन्स ब्लर’ पर्याय फक्त डोक्यावर मास्क करून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, वापरलात तर डोळा बराच सावरेल. बाकीच्या अंगाला हात लावू नका. तुमचे आणखी काही फोटो असेच सातत्यानं पुढे फोकस झालेले असतील तर कॅमेऱ्यातलं एएफ फाइन ट्यून एकदा तपासा. ते फुकट आहे आणि त्याचा फायदा पुढच्या प्रत्येक फोटोला होतो.

चौथा, पहाटेच्या उन्हातला चित्रबलाक. त्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाहीत. शटर, फोकस, हवा, सगळं बरोबर. हा फोटो ‘सॉफ्ट’ आहे तो फक्त रॉ असल्यामुळे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरतं. त्या अंदाजात कडा थोड्या पसरतात. तुमच्या डी७५०० मध्ये सेन्सरपुढची धूसर करणारी काच नाही, तरी हा थोडा मऊपणा राहतोच. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतः शार्पनिंग करून देतो, रॉमध्ये ते काम आपल्यावर सोपवतो. हा तुमचा दोष नव्हे, आणि एवढ्यासाठी प्लगइनवर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

म्हणजे चारांपैकी एक फोटो कशानंच सुधारणार नाही, एकाला प्लगइनचा खरा उपयोग आहे, आणि दोघांना हातानं केलेलं पुरेल. आता तुमच्या पत्रातल्या काही गृहीतकांकडे वळतो.

‘हातानं केलेलं खरं, प्लगइन खोटं’ हे सरांचं म्हणणं तुम्ही मान खाली घालून स्वीकारलंय असं वाटतं. सरांचा हेतू चांगला आहे, विद्यार्थ्याला साधन कळावं असा. पण सीमारेषा त्यांनी चुकीच्या जागी आखलीय. आपण ज्याला हातानं करणं म्हणतो ते अनशार्प मास्क म्हणजे तरी काय? ही युक्ती डार्करूममधली. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली फिकट पॉझिटिव्ह प्रत बनवायची, दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढायची, की कडा उठून दिसतात. सॉफ्टवेअर तेच आकड्यांनी करतं: फोटोची धूसर प्रत काढतं, मूळ फोटोतून वजा करतं आणि उरलेला फरक परत मूळ फोटोत मिळवतं. कडेच्या उजळ बाजूला थोडं आणखी उजळ, गडद बाजूला थोडं आणखी गडद. तपशील एका पिक्सेलनंही वाढलेला नसतो, डोळ्याला तो वाढल्यासारखा वाटतो. आपली नजर मुळातच कडांवरचा फरक वाढवून पाहते, हे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली मांडलं होतं, आणि शार्पनिंगचा डोलारा नजरेच्या त्या सवयीवर उभा आहे. तुम्ही स्लायडर ओढलात काय किंवा निक शार्पनरसारख्या जुन्या धाटणीच्या प्लगइननं ओढला काय, आतलं गणित त्याच जातीचं. त्यात एक पवित्र आणि दुसरं पळवाट असं काही नाही.

खरी रेषा मी वेगळीकडे ओढतो. साधन फक्त तुमच्या फ्रेममध्ये असलेल्या माहितीवर काम करतंय, की बाहेरून शिकून आलेली माहिती तुमच्या फोटोत भरतंय?

पहिल्या प्रकारात साधा अनशार्प मास्क येतो, हाय पास (फक्त कडा वेगळ्या काढणारं फिल्टर) येतो, आणि डीकॉन्व्होल्यूशनही येतं. प्रकाश लेन्समधून जाताना कसा पसरला याचा हिशेब मांडून तो उलटा फिरवायचा, ही डीकॉन्व्होल्यूशनची रीत. डोळ्याचा नंबर माहीत असला की चष्म्याची काच बनवता येते, तसं. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन ल्यूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत आजही वापरात आहे, आणि रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती तुम्हाला बसल्या जागी मिळते. याच पद्धतीची मोठी परीक्षा हबल दुर्बिणीनं घेतली. १९९० साली दुर्बीण अवकाशात गेली आणि तिचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेल्याचं लक्षात आलं. पुढची तीनेक वर्षं शास्त्रज्ञांनी डीकॉन्व्होल्यूशन वापरून चित्रं सावरली. चूक नेमकी किती आहे हे ठाऊक असल्यामुळे तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी जमलं. अंधुक वस्तूंच्या बाबतीत मात्र नॉइजनं हिशेब बिघडत राहिला. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्तीची उपकरणं बसवली. गणितावर हुकमत असलेल्या त्या माणसांनीसुद्धा धूसर चित्रावर समाधान मानलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्या रोहितांच्या फोटोबद्दल मी ‘पुन्हा जा’ म्हणालो ते याच विचारानं.

दुसऱ्या प्रकारात आजची एआय प्लगइन्स येतात. त्यांना असंख्य फोटोंवर शिकवलेलं असतं, त्यामुळे ‘असा धूसर ठिपका दिसला तर तिथे बहुधा अशी पिसं असतात’ असा अंदाज ती भरतात. सुरयाच्या चोचीवर तो अंदाज जवळपास खरा निघतो, कारण चोचीची कड कशी असते याबद्दल फारसा संशय नसतो. टिलव्याच्या पाठीवर मात्र तो धोक्याचा आहे. टिलवे, तुतवार अशा चिखलपक्ष्यांची ओळख अनेकदा खांद्यावरच्या पिसांच्या किनारी कशा आहेत यावर ठरते. त्या किनारी प्लगइननं मनानं काढल्या तर देखणा फोटो चुकीची साक्ष देईल. तुमच्या ग्रुपमध्ये पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हा नुसत्या आवडीनिवडीचा मुद्दा नाही. जो फोटो नोंद म्हणून जाणार आहे त्यावर एआय शार्पनिंग करू नका, हे मी ठामपणे सांगतो.

इथेच जुन्या अल्बमचे फोटो स्कॅन करणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण तसे प्रश्न बरेच येतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या समूहफोटोत आजीचा चेहरा नखाएवढा असतो. एआय त्याला डोळे, पापण्या, ओठ देतं, आणि जी बाई समोर येते ती दिसायला नीटस असते पण आजी नसते. अशा फोटोंना हलका अनशार्प मास्क पुरे, आणि मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवाच.

आता तुमच्या ‘अपुरं वाटतं’ या तक्रारीकडे येतो. तुम्ही दोन्ही फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून शेजारी शेजारी पाहिले असणार. अशा तुलनेत जास्त शार्प केलेला फोटो पहिल्या नजरेत नेहमी जिंकतो, आणि थोडा वेळ तो पाहिल्यावर साधा फोटो मुद्दाम धूसर केल्यासारखा वाटू लागतो. म्हणून शार्पनिंगचा निर्णय त्याच बैठकीत घेऊ नका. फाइल बंद करा, दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मूळ फोटो पाहा आणि मग केलेलं काम. शिवाय प्रदर्शनात माणसं फोटोला नाक लावून उभी राहत नाहीत. १२ बाय १८ चा प्रिंट साधारण हातभर लांबून किंवा त्याहून मागून पाहिला जातो. स्क्रीनवर पन्नास टक्के आकारात फोटो जसा दिसतो, तो प्रिंटच्या जास्त जवळचा असतो.

आणखी एक. फोटोतलं सगळंच शार्प का हवं? रोहिताच्या मानेवरची पिसं प्रत्यक्षातही मऊच असतात. डोळा, चोच आणि पंखाची पुढची कड एवढं धारदार असलं की पाहणाऱ्याची नजर तिथे बसते. मागचं पाणी जितकं शांत, तितका पक्षी पुढे येतो. मित्राचे फोटो पुन्हा पाहा. पाण्यावरची प्रत्येक सुरकुतीही तितकीच टोकदार दिसत असेल तर तुमची नजर कुठे थांबते, ते स्वतःला विचारा.

चित्रबलाकाच्या फोटोवर हातानं काम असं करा. आधी नॉइज कमी करा, शार्पनिंग त्यानंतर. उलट केलंत तर तुम्ही दाणेच शार्प कराल. लाइटरूम किंवा कॅमेरा रॉच्या डिटेल पॅनेलमध्ये अमाउंट ५० ते ६० ठेवा. रेडियस ०.७ ते ०.८, कारण पिसांचं काम बारीक आहे आणि मोठ्या रेडियसनं ती जाड होतात. डिटेल ४० च्या आसपास. मग ऑल्ट दाबून धरून मास्किंगचा स्लायडर ओढा: पडदा काळा-पांढरा होईल, आणि जिथे पांढरं तिथेच शार्पनिंग लागेल. पाणी आणि आकाश पूर्ण काळं होईपर्यंत ओढा, बहुधा ७० च्या पुढे जावं लागेल. ही मूळची, फोटो घेताना गेलेली धार परत आणण्याची पायरी झाली. आकडे माझे म्हणून पाळू नका, सुरुवातीला टेकू म्हणून घ्या आणि आपल्या फोटोप्रमाणे हलवा.

पुढची पायरी फक्त डोळ्याची आणि चोचीची. फोटोशॉपमध्ये लेयरची प्रत काढा, तिच्यावर हाय पास फिल्टर लावा, रेडियस एक ते दोन पिक्सेल, आणि ब्लेंड मोड ओव्हरले करा. मग काळा मास्क लावून मऊ ब्रशनं फक्त डोळ्यावर आणि चोचीवर पांढरा रंग फिरवा. गिम्पमध्येही हाय पास आहे, तिथेही हेच जमतं.

पांढऱ्या पक्ष्यामागे गडद पाणी असेल तर एक विशेष काळजी घ्यावी लागते. भिगवणच्या निम्म्या फोटोंत हीच स्थिती असते. शार्पनिंगनं पक्ष्याच्या कडेनं उजळ रेघ उमटते, तिला आपण हेलो म्हणतो, आणि प्रिंटमध्ये तिच्यामुळे पक्षी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. गडद हेलो नजरेला फारसा खुपत नाही, उजळ लगेच खुपतो. म्हणून शार्प केलेल्या लेयरच्या दोन प्रती करा. एकीचा मोड डार्कन, ओपॅसिटी (लेयर किती ठळक दिसतो ते) पूर्ण. दुसरीचा लाइटन, ओपॅसिटी निम्म्याहून कमी. तेवढ्यानं पांढरी रेघ मावळते आणि धार राहते. एका क्लिकच्या साधनात एवढं बारीक नियंत्रण सहसा मिळत नाही. हातानं शिकण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी, प्रामाणिकपणाच्या प्रमाणपत्रासाठी नाही.

शेवटची पायरी प्रिंटची, आणि ती बहुतेक जण गाळतात. फोटो घेतानाची, मधली हव्या त्या भागाची आणि शेवटी कागदासाठीची, अशा पायऱ्या वेगळ्या ठेवण्याची शिस्त डिजिटल शार्पनिंगवर लिहिणारे ब्रूस फ्रेझर यांनी लोकांना लावली, आणि आजही ती तितकीच उपयोगी आहे. तुमच्या कॅमेऱ्याची पूर्ण फ्रेम ५५६८ बाय ३७१२ पिक्सेल. १८ इंचांवर ती छापली तर इंचाला ३०९ पिक्सेल येतात, उत्तम. पण लांबी-रुंदी निम्म्यावर आणून कापलीत तर उरतात इंचाला जेमतेम १५५. चित्रबलाक जवळपास पूर्ण फ्रेममध्ये आहे, तो १२ बाय १८ ला सहज पेलेल. टिलवा तुम्ही कापून २००० पिक्सेलवर आणलाय. त्याला १८ इंचांवर ताणून मग शार्पनिंगनं भरपाई करायला गेलात तर प्लगइनही हरेल आणि हातही. आयोजकांशी बोला, तो ८ इंच रुंदीचा छोटा प्रिंट म्हणून द्या, इंचाला २५० पिक्सेल मिळतील. मोठ्या पांढऱ्या माउंटमध्ये तो छान उठेल.

फाइल अंतिम आकारात आणल्यावरच शेवटचं शार्पनिंग करा. इंचाला ३०० पिक्सेलच्या प्रिंटला रेडियस १.५ च्या आसपास ठेवा आणि स्क्रीनवर किंचित जास्त वाटेल इतकं करा, कारण शाई कागदात पसरते. मॅट कागदात जास्त, ग्लॉसी आणि लस्टरमध्ये कमी. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवायची प्रत वेगळी काढा आणि तिला हे जास्तीचं शार्पनिंग लावू नका. व्हॉट्सअॅप फोटो लहान करून दाबतं, आणि टोकदार कडा त्या दाबण्यात सगळ्यांत आधी फाटतात.

आता प्लगइन विकत घ्यावं का? प्रदर्शनापुरतं नको. सुरयाच्या फोटोसाठी मित्राकडे बसून काम करा, किंवा चाचणीची मोफत आवृत्ती उपलब्ध असेल तर ती वापरा. प्रदर्शन झाल्यावर गेल्या हिवाळ्यातले निवडक फोटो काढा आणि धार कशामुळे गेली त्याप्रमाणे त्यांची विभागणी करा: हवा, हलणं, फोकस, आणि नुसता रॉचा मऊपणा. ‘थोडा हललाय, पण असा क्षण पुन्हा मिळणार नाही’ असे फोटो खरंच भरपूर निघाले तर प्लगइन घ्या, तुमचे पैसे वाया जाणार नाहीत. लग्नाचे किंवा नाटकाचे फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत हा गठ्ठा बहुधा मोठा निघेल, त्यांना कमी उजेडात दुसरी संधी नसते. तुमच्या बाबतीत तो लहान निघेल असा माझा अंदाज आहे, आणि ते पैसे बोटीच्या भाड्याला जास्त सत्कारणी लागतील. विकत घेताना हेही ध्यानात ठेवा, की प्लगइनचं मालक बदलणं नवं नाही. निक शार्पनर ज्यात आहे तो निकचा संच २०१२ मध्ये गूगलकडे गेला, २०१६ मध्ये मोफत झाला, २०१७ मध्ये डीएक्सओ या कंपनीनं घेतला आणि २०१८ मध्ये पुन्हा विकायला काढला. ज्यांना मास्क आणि रेडियस कळत होते त्यांचं काम या सगळ्यात एक दिवसही अडलं नाही.

प्लगइन वापरताना ते स्मार्ट ऑब्जेक्टवर (मूळ चित्र शाबूत ठेवणाऱ्या लेयरवर) किंवा वेगळ्या लेयरवर चालवा, ओपॅसिटी ५०-६० टक्क्यांवर आणा, आणि ज्या भागात त्यानं मनचं काही भरलंय तो मास्कनं पुसून टाका. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच फोटोत चालतात. सुरयाच्या फोटोत चोच आणि डोळा प्लगइनचा, पंख आणि पाणी तुमचं, असं करून पाहा.

प्रदर्शनात सांगावं का, या प्रश्नाचं उत्तर वर ओढलेल्या रेषेवरून मिळतं. चित्रबलाक आणि टिलव्याबद्दल काही सांगायची गरज नाही, ते कोणत्याही डार्करूममध्ये चाललं असतं. सुरयाच्या फोटोखाली ‘हललेली कड एआय साधनानं सावरली आहे’ अशी एक ओळ लिहा. कुणी विचारण्याआधी लिहिलेली ओळ तुमच्या फोटोची किंमत कमी करत नाही, आणि नवख्या फोटोग्राफरला आपल्याला असं का जमत नाही या निराशेतून वाचवते. हाच फोटो स्पर्धेला पाठवणार असाल तर आधी नियम वाचा. वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा तुमच्या एनईएफ (निकॉनच्या रॉ) फायली कधीही पुसू नका.

राहिला चौथा प्रिंट, कारण रोहित आपण बाद केले. पहाटेच्या उन्हातले आणखी फोटो तुमच्याकडे नक्की असतील. त्यांतून शटर १/१६०० च्या वर असलेले आणि डोळ्यावर फोकस असलेले आधी बाजूला काढा, मग त्यांतला निवडा. आणि सगळे प्रिंट एकदम टाकण्याआधी लॅबमधून एक चाचणी पट्टी काढून घ्या: चित्रबलाकाचा डोक्याकडचा भाग, शेवटच्या आकारातच, तीन वेगवेगळ्या प्रमाणात शार्प केलेला, एकाच कागदावर. फाइल देताना लॅबवाल्यांना ऑटो करेक्शन आणि त्यांच्याकडचं शार्पनिंग बंद ठेवायला आवर्जून सांगा, नाहीतर तुम्ही केलेल्या कामावर त्यांच्या मशीनचं काम चढेल आणि कुठलं प्रमाण बरोबर होतं हे कळणारच नाही.